तुपाच्या बरणीवरची रेघ

तुपाच्या बरणीवर मी मार्करने बारीकशी रेघ मारली तेव्हा स्वयंपाकघरात कोणी नव्हतं. नवरा अंघोळीला गेला होता आणि सासूबाई खाली सोसायटीच्या झाडाचा कढीपत्ता आणायला. रेघ बरणीच्या मागच्या बाजूला मारली, तुपाच्या पातळीला अगदी लागून. मग बरणी होती तशी फिरवून ठेवली आणि कामाला निघाले.

बाहेरच्या माणसाला हे वेडेपणाचं वाटेल. पण मी हडपसरला एका कारखान्यात क्वालिटी विभागात आहे. संशय घेण्याचाच मला पगार मिळतो. समोर आलेला प्रत्येक पार्ट बिघडलेलाच आहे असं धरून चालायचं, आणि आपण बिघडलेलो नाही हे त्याने सिद्ध करायचं. इतकी वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊन वेगळा होत नाही. भाजीवाल्याचा काटा, नवऱ्याचं ‘आलोच’, डॉक्टरांचं ‘काळजीचं काही कारण नाही’, या सगळ्यांना मी मनातल्या मनात मोजमापाचा गेज लावून बघते. आणि गेले काही आठवडे माझी खात्री पटत चालली होती की माझ्या ताटात कोणीतरी चोरून तूप घालतंय.

कोणीतरी म्हणायचं आपलं. बिबवेवाडीतल्या आमच्या फ्लॅटमध्ये माणसं तीन. मुलगी शिकायला बाहेरगावी. नवऱ्याला तूप कुठल्या कपाटात असतं ते आजही विचारावं लागतं. उरल्या सासूबाई.

पण आधी इंजेक्शनचं सांगायला हवं, कारण सगळं तिथून सुरू झालं.

माझं वजन बरंच वाढलं होतं. गुडघे जिना चढताना आवाज करत होते आणि रक्तातली साखर काठावर येऊन बसली होती. डाएट, चालणं, कोमट पाणी, सगळं करून झालं होतं. शेवटी हडपसरच्या एका डॉक्टरबाईंनी आठवड्यातून एकदा घ्यायचं इंजेक्शन सुरू केलं. जाड पेनासारखं दिसतं ते. फ्रिजमध्ये ठेवायचं, ठरलेल्या वारी पोटाला टोचायचं. माझा वार रविवार. काही महिन्यांत माझी भूक इतकी निमूट झाली की मलाच तिची शंका यायला लागली. ताट समोर आलं की चार घास खायचे आणि पुरे. आयुष्यात पहिल्यांदा मला जेवणाचा विचार न करता एखादी दुपार काढता आली. वजन उतरत गेलं. गुडघे गप्प झाले. केसही बरेच गळले, पण त्याचं मी फारसं मनावर घेतलं नाही.

हे घरात कोणाला सांगायचं, यावर नवऱ्याने पहिल्याच दिवशी निर्णय दिला. “आईला काही बोलायचं नाही. उगाच काळजी करत बसेल, तिचं बीपी वाढेल.” आमच्या घरातली ही जुनी रीत. वडीलधाऱ्यांना दुखण्याखुपण्यातलं काही सांगायचं नाही. अपघात असेल तर ‘जरा खरचटलंय’, ऑपरेशन असेल तर ‘चेकअप आहे’. सासूबाईंनी फ्रिजच्या दारातलं ते पेन पाहून विचारलं तेव्हा मी व्हिटॅमिन म्हणाले. त्या “असं का” एवढंच म्हणाल्या. पुण्यात ‘असं का’ म्हणजे ‘पटलेलं नाही’ हे मला कळायला हवं होतं.

बाहेरच्यांसमोर तर मी चालण्यालाच श्रेय दिलं. शेजारच्या काकू लिफ्टमध्ये मला वरपासून खालपर्यंत न्याहाळून म्हणाल्या, “आम्हीपण चालतो हो, पण आमचं असं वितळत नाही.” मी हसून दार उघडायची वाट पाहिली.

वजन एका जागी स्थिरावल्याला बरेच महिने झाले तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, “आता डोस हळूहळू कमी करत आणू या.”

माझ्या मनात लगेच पाल चुकचुकली. औषध संपलं असेल बाजारातलं. किंवा काहीतरी वाईट निघालं असेल आणि या सांगत नसतील.

“एवढं छान चाललंय, तर कमी कशाला?” मी विचारलं. “आणि कमीच करायचं तर एकदम बंद का नाही करायचं?”

“एकदम बंद केलं की भूक एकदम परत येते, आणि बहुतेकांचं वजनही मागोमाग,” त्या म्हणाल्या. “म्हणून एक पायरी उतरायची. तिथे काही आठवडे थांबायचं. वजन बघायचं, भूक बघायची. ठीक असेल तर पुढची पायरी. वजन चढायला लागलं तर परत वरच्या पायरीवर जायचं, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. काहींना थोडासा डोस कायम लागतो. तुम्हाला लागेल की नाही, ते तुमचं शरीर सांगेल. फक्त एक करा, मनाने काही करू नका. दिवस लांबवायचे नाहीत, उरलेलं जपून ठेवून मग घ्यायचं नाही. खाण्यात डाळी, उसळी, पनीर, अंडी वाढवा आणि हातापायाचे व्यायाम सोडू नका. आणि एवढ्यात खाण्यापिण्यात दुसरा काही बदल नको, नाहीतर काय कशामुळे झालं ते कळणार नाही.”

हे शेवटचं वाक्य मला मनापासून पटलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे आमच्या धंद्यातलंही पहिलं तत्त्व आहे. आणि खरं सांगायचं तर मलाही उत्तर हवं होतं. हलकं झालेलं हे शरीर माझं आहे, की त्या पेनाने मला वापरायला दिलंय? आरशासमोर उभं राहिलं की रोज हाच प्रश्न पडायचा. बारीक झाल्याचा आनंद मला सुखाने घेताच येत नव्हता.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर मी हॉलमध्येच नवऱ्याला हलक्या आवाजात सांगितलं, “डॉक्टर म्हणाल्या, डोस आता कमी करत आणायचा. हळूहळू. मग बघू म्हणाल्या.”

“बरं,” तो म्हणाला. “आईला काही बोलू नकोस.”

सासूबाई कोपऱ्यातल्या खुर्चीत त्यांची मालिका बघत होत्या. टीव्हीचा आवाज एरवी शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतका असतो. त्या संध्याकाळी तो बराच कमी होता. हे माझ्या लक्षात आलं होतं, पण मी त्याचा काहीच अर्थ लावला नाही. ज्या बाईला शंका घेण्याचा पगार मिळतो, तिची ही कामगिरी.

पहिली पायरी उतरले आणि भूक परतली. आधी दबकत, मग हक्काने. हडपसरहून परतताना सिग्नलला गाडी थांबली की कुठल्या गाड्यावर वडे तळले जाताहेत हे मला डोळे मिटून सांगता येऊ लागलं. पण ही भूक माझ्या आवाक्यातली होती. उसळ-भाकरी पोटभर खाल्ली की गप्प बसायची. मला वाटलं, जमेल हे.

आणि तेव्हाच ताटं बदलली.

मला कामावरून यायला उशीर होतो म्हणून संध्याकाळचा स्वयंपाक सासूबाईंकडे असतो. वय ऐंशीच्या घरात, पण भाकरी अजून हातावर थापतात. तर त्यांची भाकरी अचानक चमकायला लागली. आमटीवर तुपाचा तवंग दिसू लागला. भरली वांगी झाली ती तीळ-खोबऱ्याने अशी भरलेली की वांगं शोधावं लागावं. एका साध्या बुधवारी, सण ना वार, पुरणपोळी. पुरणपोळी म्हणजे माझा जीव की प्राण, हे त्यांना पंचवीस वर्षं माहीत आहे. आणि त्या पंचवीस वर्षांत त्यांनी ती सणाशिवाय एकदाही केलेली नाही. सायीचा जाड थर कायम नवऱ्याच्या वाटीत गेला, माझ्या वाटीत दूध. त्याबद्दल माझी तक्रारही नव्हती. पण आता तोच थर माझ्या वाटीत यायला लागल्यावर मी सावध झाले.

“आई, एवढं तूप नको.”

“कुठे एवढं? हात लावलाय नुसता.”

“मला खरंच जात नाही हो.”

“खा. काही होत नाही.”

माझा निष्कर्ष तयार होता. मागच्या महिन्यात एका मुंजीत सगळ्या नातेवाइकांनी माझं कौतुक केलं होतं. एकीने तर सासूबाईंच्या देखत विचारलं होतं, ही तुमची सून की नात. ते त्यांना झोंबलं असणार. सुनेला परत पूर्वीच्या मापात आणायचा हा घाट आहे, असं मी ठरवून टाकलं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, “तुझं आपलं काहीतरीच.” म्हणजे तोही त्यांना सामील.

वजन वाढलं. थोडंच, पण काटा खोटं बोलत नव्हता. मी दोन वेगळ्या काट्यांवर बघून खात्री केली. डॉक्टरबाईंनी कपाळाला आठी घातली.

“खाणं तेच आहे ना?”

“हो,” मी म्हणाले. सासू मला चोरून तूप चारते, हे दवाखान्यात कसं सांगणार?

“मग पुढची पायरी आत्ता नको. अजून चढलं तर परत आधीच्या डोसवर जाऊ.”

त्या दिवशी घरी येताना मला रडू आलं, आणि रागही. मी औषधावरून उतरू शकते की नाही, हे मला आयुष्यात एकदा तरी प्रामाणिकपणे तपासायचं होतं, आणि माझ्याच घरात कोणीतरी ती तपासणी बिघडवत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी बरणीवर रेघ मारली.

संध्याकाळी तूप रेघेच्या चांगलंच खाली होतं. पुढच्या दिवशी आणखी खाली. नवऱ्याने काय खाल्लं ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं, सासूबाईंना तर तूप बाधतंच. मग एका संध्याकाळी बरणी काठोकाठ भरलेली दिसली, घरभर कढवलेल्या लोण्याचा वास, आणि मागची रेघ साफ पुसलेली. मी बरणी फिरवून फिरवून पाहिली. वर नजर गेली तर सासूबाई दारात उभ्या. मी बरणी जागेवर ठेवली.

त्यानंतर घरात वेगळंच युद्ध सुरू झालं. मी त्यांच्यावर लक्ष ठेवायची आणि त्या माझ्यावर. मी अंघोळ करून आले की त्या बाथरूममध्ये जाऊन जाळीवरचे केस बघायच्या. रविवारी सकाळी बेडरूमच्या दाराबाहेर त्यांच्या चपला थबकायच्या. एकदा माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “आज टोचायचा वार ना? टोचतेस अजून, की बंद केलं?” मी म्हणाले, “व्हिटॅमिन आहे हो ते.” त्या म्हणाल्या, “असं का.”

मग त्यांनी पाटल्या काढल्या. त्यांच्या आईकडच्या, जुन्या घडणीच्या, ज्यांना त्या मला हातही लावू देत नसत. माझ्या हातात सरकवून म्हणाल्या, “घाल. आत्ताच घाल. नंतर कशाला ठेवायच्या?” माझ्या डोक्यात एकच विचार आला, लाच. तूप पकडलं गेलं म्हणून तोंड बंद करायला सोनं. आणि वर म्हणाल्या, “तुझ्या भावाला एकदा बोलावून घे. बऱ्याच दिवसांत आला नाही.” आता माझ्या माहेरच्यांपुढे माझी गाऱ्हाणी मांडणार, एवढंच मला त्यात दिसलं. भावाला मी बोलावलं नाही.

स्फोट झाला तो दसऱ्यानंतरच्या एका रविवारी. मी लवकर उठून स्वयंपाकघरात गेले, तर सासूबाई परातीत थालीपिठाचं पीठ मळत होत्या आणि डाव्या हाताने तुपाची बरणी सरळ पिठात ओतत होत्या. थेंब नव्हे, धार. पकडल्या गेल्या तरी धार थांबवली नाही.

“आई, पुरे झालं,” मी म्हणाले. “मी सगळं बघते आहे. मी बारीक झाले ते तुम्हाला बघवत नाही का? इतकं काय वाईट केलंय मी तुमचं?”

त्यांनी बरणी खाली ठेवली. हात पिठाने भरलेले. मला वाटलं, आता फाडकन काहीतरी बोलतील. त्यांचं तोंड तसं तिखट आहे, आणि मी त्याला उत्तर तयार ठेवलं होतं.

“मला परत फसवू नका गं,” त्या म्हणाल्या. “एकदा फसवलंत तेवढं पुरे.”

मला काही समजेना.

“डोस कमी करताहेत ना तुझा? ऐकलंय मी. ह्यांच्या वेळी अस्संच झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आता औषधं कमी करू, घरी न्या, आवडेल ते खायला घाला. हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नाही. मला सांगितलं, अल्सर आहे.”

माझ्या सासऱ्यांची गोष्ट. तेव्हा माझ्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि सासू-सासरे गावी राहायचे. पोटाचा कॅन्सर होता, आणि दिरांनी, नवऱ्याने, मोठ्या काकांनी मिळून ठरवलं होतं की सासूबाईंना कळू द्यायचं नाही, त्या खचतील. मला एवढंच माहीत होतं. पुढचं मला कोणीच कधी सांगितलं नव्हतं, कारण ते फक्त सासूबाईंना माहीत होतं.

“अल्सर म्हटल्यावर मी काय करणार?” त्या म्हणाल्या. “तिखट बंद, तळलेलं बंद, तूपसुद्धा बंद. नुसती पेज आणि मऊ भात. पुरणपोळी मागायचे गं. लहान मुलासारखे रोज मागायचे. आणि मी रोज सांगायची, बरं वाटलं की करीन. तिकडे डॉक्टर सांगतात आवडेल ते घाला, आणि इकडे मी माणसाला अळणी पेजेवर घालवलं. तेराव्याला पुरणपोळी केली. मला वाढली. मी खाल्ली नाही, आणि त्यानंतर आजतागायत खाल्लेली नाही.”

ते खरं होतं. पुरणपोळी केली की त्या स्वतः भात घ्यायच्या. मला वाटायचं, डाळ बाधते.

“म्हणून आता वाट बघितली नाही,” त्या म्हणाल्या. “तुझे केस गळतात, तू जेवत नाहीस, फ्रिजात इंजेक्शनं, मला बघितलं की दोघं गप्प. मला विचारायचं नव्हतं. विचारलं असतं तर पुन्हा अल्सरच सांगितला असता.”

मी त्यांचे पिठाचे हात धरले. मग सगळं सांगितलं. वजन, साखर, गुडघे, डोसच्या पायऱ्या. फ्रिजमधलं पेन आणून दाखवलं. नवऱ्याला उठवून आणलं. तोही सांगायला लागला आणि मध्येच आईकडे बघून रडला. पंचवीस वर्षांपूर्वीचं पेजेचं त्यालाही माहीत नव्हतं.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “असंच सांगतात.”

त्यांना दोष देता येत नव्हता. मी त्यांच्या जागी असते तर मीही विश्वास ठेवला नसता. त्यांना घेऊन मी हडपसरला डॉक्टरबाईंकडे गेले. डॉक्टरबाईंनी माझे रिपोर्ट त्यांच्यासमोर उघडून एकेक आकडा समजावला. तुपाचा उलगडा झाल्यावर मला म्हणाल्या, “हे मला आधी सांगायला हवं होतंत. मी औषधाला दोष देत बसले होते. डोस आत्ता आहे तोच ठेवू, तूप थांबवा, आणि परत बघू.” बाहेर आल्यावर सासूबाई म्हणाल्या, “बाई चांगली आहे. पण ह्यांचे डॉक्टरपण असेच हसून बोलायचे.”

मग मी एकच केलं. रविवारचं इंजेक्शन हॉलमध्ये, त्यांच्यासमोर घ्यायला लागले. पेनवर लिहिलेला डोस त्या चष्मा लावून वाचतात. वजनकाटा त्यांच्या खुर्चीजवळ आणून ठेवलाय. मी चढले की त्या वाकून स्वतः बघतात. माझ्या तोंडच्या आकड्यावर त्यांचा भरवसा नाही. त्यांच्या हातचं ताट समोर आलं की मीही अजून भाकरी उलटून बघते. आमच्या दोघींत फार फरक नाही, हे मला उशिराच कळलं. वजन उतरून परत जागेवर आलं. दिवाळीनंतर डॉक्टरबाईंनी पुढची पायरी उतरवली. केस गळायचे थांबलेत. जाळी त्या अजून तपासतात. पाटल्या मात्र त्यांनी परत मागितलेल्या नाहीत, म्हणजे पुरती खात्री झालेली नसावी.

परवा कामावरून आले ती कडकडीत भूक घेऊनच. डोस आणखी कमी झाल्यावर येते तशी, पण आता मी तिला घाबरत नाही. स्वयंपाकघरात भाकरी आणि मटकीची उसळ होती, कोरडी भाकरी, तुपाचा टिपूस नाही. माझ्या तोंडून सहज निघून गेलं, “आई, पुरणपोळी करता का उद्या? फार वाटतंय.”

सासूबाई भाकरी थापायच्या थांबल्या. माझ्याकडे बघितलं. गळ्याच्या हाडाकडे, मनगटाकडे, पाटल्यांकडे, मग पुन्हा तोंडाकडे. माझी तपासणी चालली होती आणि मी हलले नाही.

“उद्या कशाला?” त्या म्हणाल्या आणि पुन्हा भाकरी थापायला लागल्या. “होळीला करीन. मीपण खाईन तेव्हा.”

होळीला अजून बरेच महिने होते. मी कोरडी भाकरी घेतली आणि जेवायला बसले.